लेबलातला चढता अंक

डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या लेबलात सुपरस्क्रिप्ट दोन वाटांनी येते: ², ³ असे तयार युनिकोड वर्ण, किंवा साध्या अंकाला लहान करून वर चढवणारा मार्कअप टॅग. येरवडा कारागृह मुद्रणालयातून सरकारी पुस्तके खिळ्यांनी छापून निघत, तेव्हा चढता अंक हा वेगळा ओतलेला खिळा असे. जुळाऱ्याने तो बसवला की काम संपले. त्याच येरवड्यातल्या कॉमरझोनसारख्या आयटी पार्कात लेबले लिहिणाऱ्याला मात्र तो अंक रेखाटणार कोण, हे आधी ठरवावे लागते.

तयार वर्ण सोपे, पण अपुरे. ¹, ², ³ हे जुन्या लॅटिन-१ संचातले, म्हणून बहुतेक फॉन्टांत सापडतात. ⁴ ते ⁹, ⁰ आणि ⁻ वेगळ्या खंडात आहेत. फॉन्टात ते नसले की उसने येतात आणि १०⁻³ मधली उणे खूण व तीन वेगवेगळ्या उंचीवर बसतात. देवनागरीचे चढते अंक तर युनिकोडमध्ये नाहीतच. अक्षरावर बसणारे जे अंक आहेत, ते सामवेदाच्या स्वरांकनासाठी.

मार्कअपने ‘२’सुद्धा चढवता येतो, पण तो सगळीकडे चालत नाही. क्यूटीच्या लेबलाला तो कळतो, पुशबटणाला नाही. बटणावर टॅगच छापून येतो. जावा स्विंगमध्ये मजकुराची सुरुवातच एचटीएमएल टॅगने करावी लागते. विंडोज फॉर्म्सच्या लेबलापुढे मार्कअपचा काही उपयोग नाही. मराठीत आणखी एक अडचण उंचीची: ‘मी’ची वेलांटी आधीच शिरोरेषेच्या वर असते, त्यात अंक चढला की ओळ वाढते आणि ठरावीक उंचीच्या लेबलात माथा छाटला जातो. उंची मजकुरावरूनच ठरू द्यावी आणि १२५ व १५० टक्के मोजमापावर खिडकी तपासावी.

याहून गंभीर दोष मूल्याचा. टॅग गळून साधा मजकूर उरला की १०² चे १०२ होते. शोधासाठी एनएफकेसी सामान्यीकरण केले, तर तयार वर्णाचीही तीच गत.

भाषांतरात इंग्रजी क्रमवाचकांचे टॅग ‘१ला’, ‘५वा’ यांना चिकटून येतात. ते काढूनच टाकावेत. क्षेत्रफळासाठी सातबाऱ्यावर ‘चौ.मी.’ चालते, मग मालमत्तेच्या प्रोग्रॅममध्ये मी² चा हट्ट कशाला? शास्त्रीय उपकरणांच्या पडद्यावर चिन्ह हवेच. तिथे लेबलाच्या अ‍ॅक्सेसिबल नावात ‘चौरस मीटर’ असे पूर्ण लिहावे, कारण स्क्रीन रीडर ² चा उच्चार काय करील याचा भरवसा नसतो.