मांडवीकरांनो, बंदी उठायच्या आत पोराचे वाचन ऐका

मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद. होड्या शाकारलेल्या आहेत, जाळी विणायला काढली आहेत आणि शाळा नुकत्या उघडल्या आहेत. पोर दप्तर घेऊन निघते तेव्हा बाप दारात असतो, असे वर्षातले हेच काय ते सहा आठवडे. म्हणून हे पत्रक आत्ता काढले.

आज रात्री तिसरी-चौथीतल्या मुलाला दुसरीच्या बालभारतीतला धडा वाचायला द्या. पाठ असलेला नको. अक्षर लावता लावता ते अडखळले तर हात उगारू नका, ‘ढ’ म्हणू नका. दोन-तीन वर्षे वर्गात बसूनही ज्याला वाचता येत नाही, त्याला शिकवायचे राहून गेले आहे. चूक मोठ्यांची आहे.

2024 च्या ‘असर’ पाहणीत देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम 23 जणांना दुसरीचा मजकूर वाचता आला. ही पाहणी खेड्यांची. शहरातल्या बंदरावरच्या वाड्या तिच्यात येतच नाहीत, तेव्हा आपली मोजणी आपणच करायची आहे.

आपली पोरे मंद नाहीत. मासळीचा वाटा 180 चा, गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली, तर 320 परत द्यायचे हे आईच्या आधी सांगणारी पोरगी वहीत हातच्याच्या वजाबाकीला अडते. कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांचे हेच चित्र 2025 मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासाने दाखवले. हिशेब डोक्यात आहे, तो कागदावर उतरवायला शिकवलेला नाही. त्यात मराठी आकड्यांची अडचण: पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. मूल ऐकते तसे लिहिते, 52. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकाने ‘वीस पाच’ असे वाचन सुचवले, तर राज्यभर थट्टा झाली. वाद खुशाल घाला. पण काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मुलाच्या हातात दिल्याशिवाय ही गाठ सुटत नाही. त्याला रोजचा वेळ लागतो आणि शिक्षकाचा नेमका तोच वेळ पळवला जातो.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 स्पष्ट आहे: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरे अशैक्षणिक काम देता येत नाही. तरी माहिती भरा, फोटो पाठवा, अहवाल द्या! तोवर पहिलीचा वर्ग वाऱ्यावर. हे थांबले पाहिजे. आणि शाळेतला सर्वांत मुरलेला शिक्षक पहिलीलाच दिला पाहिजे.

याच रत्नागिरी शहरात जन्मलेल्या टिळकांचे वडील शाळामास्तर होते, त्यांना घरीच शिकवणारा होता. खलाशी बाप आणि त्याचा लेक वर्षाचे दहा महिने धड भेटत नाहीत. त्या लेकाला शाळेशिवाय दुसरी जागा नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, समितीत निम्म्या बायका. कायद्याने दिलेली ही खुर्ची रिकामी ठेवू नका. जुलैच्या सभेत एकच विचारा: तिसरीतल्या किती मुलांना वाचता येते, आणि उरलेल्यांसाठी रोज किती वेळ दिला जातो? मुलांची नावे चारचौघांत घेऊ देऊ नका, आकडा मागा आणि तो फळ्यावर लिहायला लावा. सभा बाजाराच्या वेळेला ठेवली असेल तर संध्याकाळी घ्यायला सांगा, म्हणजे आयांना येता येईल. मांडवीतल्या प्रत्येक घरातून एकाने तरी यावे.

— मांडवीतील पालक