बाकावरचा डबा

संगीताविषयीची दोन टोकाची मते आमच्या खुलताबादेत एकाच रस्त्याच्या दोन अंगांना चिरनिद्रा घेत आहेत. एका अंगाला बुऱ्हाणुद्दीन गरीब. 1337 साली वारलेल्या या सूफी संताला समा, म्हणजे ईश्वरभक्तीचे गाणे, इतके प्रिय, की त्यांच्या शिष्यांच्या डोलण्याच्या तऱ्हेलाही त्यांचेच नाव पडले. समोरच्या अंगाला, जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखालच्या साध्या कबरीत 1707 साली वारलेला औरंगजेब. दरबारातून गाणे हद्दपार करणारा. तीनशेहून अधिक वर्षे दोघे समोरासमोर आहेत, पण एकाने दुसऱ्याची झोप मोडल्याचे ऐकिवात नाही. इतकेच काय, आमचा गावदेव भद्रा मारुती, तोसुद्धा आडवा पहुडलेला! थोडक्यात, झोपेची बूज राखणारे हे गाव. ती झोप मोडू लागली अलीकडे, आणि मोडणाऱ्यांत माझ्याच घरची जीप होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही जीप माझ्या वडिलांची. 1978 साली त्यांनी ती एका सरकारी लिलावात घेतली. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, त्या वंशातलीच ही. पुढची काच बॉनेटवर पाडता येते, दारे नाहीत, डोक्यावर कॅनव्हासचे छत, आणि मागे समोरासमोर दोन बाके. या बाकांवर आमच्या घराण्याचा इतिहास बसून गेला आहे. बाळंतिणी आल्या, नवऱ्या गेल्या, कांद्याची पोती गेली, आणि श्रावणातल्या शनिवारी अर्धी गल्ली मारुतीला गेली. डाव्या बाकाचा पुढचा कोपरा माझ्या आईचा. ती जागा तिला कोणी दिली नव्हती आणि कोणी घेतलीही नव्हती. चाळीस वर्षे ती तिचीच होती.

गेल्या दिवाळीपूर्वी आमचे चिरंजीव पुतणे जीप घेऊन संभाजीनगरला गेले. "काका, सरप्राइज आहे," म्हणाले. चार दिवसांनी ते सरप्राइज घाट चढून येताना मला घरात बसून ऐकू आले. जीप दारात दिसण्याआधी फडताळातल्या कपबशा वाजल्या. बाहेर येऊन पाहतो तो डावे बाक नाहीसे झालेले, आणि त्या जागी प्लायवूडचा काळ्या गालिच्यात गुंडाळलेला भलाथोरला डबा. त्यात बारा-बारा इंची दोन कर्णे. "हजार वॅट!" पुतणे म्हणाले. पहिला पगार झाल्याचे सांगताना चेहऱ्यावर जे तेज येते ते त्यांच्या चेहऱ्यावर होते.

तो दिवस शनिवारचा होता. आई तेलाची वाटी आणि रुईच्या पानांची माळ घेऊन पायरीवर आली. तिने जीपकडे पाहिले, डब्याकडे पाहिले. कोणाला दोष दिला नाही. "तुम्ही जाऊन या रे. मी इथूनच हात जोडते," एवढेच म्हणाली आणि वाटी घेऊन आत गेली. वाचकहो, माझे भांडण तेथून सुरू झाले.

पण भांडण सुरू करण्यापूर्वी मला माझ्याच बाजूच्या काही मंडळींना दूर लोटले पाहिजे. जुन्या गाड्यांचे म्हणून जे भक्त असतात, त्यांतले दोघे माझ्या पाठीशी उभे राहायला धावत आले. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या जीपला हात लावणे हेच पाप. तिच्यात मुळात रेडिओ नव्हता, म्हणून तो कधीच असू नये. हे सोवळे मला मान्य नाही. माझ्या वडिलांनी जीपचे पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवले तेव्हा मूळपणा कुठे गेला होता? जीप ही कामाची गाडी. ज्या पिढीला जे काम पडले त्याप्रमाणे ती बदलत आली, म्हणून तर टिकली. वेरूळच्या वाटेवर काळी-पिवळी जीप टेप लावून धावायची, तेव्हा कोंबून भरलेल्या उतारूंचा शीण त्या टेपने थोडा तरी हलका केला असेल. प्रवासात गाणे हवे. आईलाही हवे, तिला जुनी भावगीते ऐकायची फार हौस. तेव्हा गाण्याविरुद्ध माझी तक्रार नाही. औरंगजेबाच्या बाजूने वकिली करायला मी उभा नाही.

माझी तक्रार वॅटांच्या हिशेबाविरुद्ध आहे. गॅरेजवाल्याने पोरांना सांगितले की हजार वॅट शंभर वॅटांच्या दसपट. बिल दसपट होते हे खरे, पण कान बिलाप्रमाणे ऐकत नाही. शक्ती दहापट केली की आवाज दहा डेसिबलांनी चढतो, आणि माणसाच्या कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. दुधात दहापट पाणी घालून दूध दुप्पट झाले म्हणणाऱ्या गवळ्याला आपण दारात उभे करत नाही. दहापट पैसे घेऊन दुप्पट आवाज देणाऱ्याला मात्र आपण वर चहा पाजतो!

बरे, ही हजार वॅट आणायची कुठून? आमच्या जीपचा अल्टरनेटर 35 अँपिअरचा. बारा व्होल्टांनी गुणले तर 420 वॅट, आणि त्यात पुढचे दोन दिवेच 110 वॅट खाणार. हजार वॅट खरोखर बाहेर पडायची तर 83 अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. म्हणजे पगार 420 आणि संसार हजाराचा. उरलेली उधारी बॅटरीच्या माथी. रात्री दौलताबादचा घाट उतरताना मी ही उधारी डोळ्यांनी पाहिली. ढोलाचा प्रत्येक ठोका पडला की पुढचे दिवे डोळा मिचकावत. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. त्याने हॉर्न दिला असेल; डब्याने तो मला ऐकू दिला नाही. वळणावर तो एकदम अंगावर आला. मी चाके गटारीत घातली म्हणून आज हा लेख लिहायला उरलो आहे.

आणखी एक गोम आहे, ती गॅरेजवाल्याने सांगितली नाही. बंद मोटारीत खालचा, घुमणारा आवाज काचा-पत्र्यांत कोंडला जातो आणि त्यामुळे फुगतो. उघड्या जीपला कोंडायला आहे काय? कॅनव्हास! तो आवाज आत राहतच नाही. म्हणून आत बसलेल्याला कमी वाटते, तो कळ आणखी पिळतो, आणि ते सारे गावाच्या पदरात पडते. पैसे पुतण्याचे, आवाज गावाला! इतके निःस्वार्थी दान आमच्या घराण्यात पूर्वी कोणी केले नव्हते.

"काका, वर्षातून एकदा दिवाळी," असा या पिढीचा युक्तिवाद असतो. मान्य. पण कानाला सणवार कळत नाही. आरोग्याचा एक जाणता हिशेब असा, की 85 डेसिबल आवाजात आठ तास काढता येतात. पुढे दर तीन डेसिबलांना मुदत निम्मी. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 ला पाव तास! पाव तासात आमचे पुतणे गाणे निवडतातसुद्धा की नाही, शंका आहे. आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी वस्तीत दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलांची मर्यादा घातली आहे. पण नियमाचे मी फार सांगत नाही. ज्याला शेजारच्या तान्ह्या मुलाचे दचकणे कळत नाही, त्याला राजपत्र काय कळणार?

मग करायचे काय? मी केले ते सांगतो. डबा उतरवला आणि बाक परत जागेवर बसवले. चार इंची चार कर्णे घेतले, पाण्यापावसात टिकणारे. कागदी पडद्याचे घेतले असते तर पहिल्याच मृगात त्यांचा लगदा झाला असता. दोन डॅशखाली, दोन मागच्या दांडीवर, बसणाऱ्याच्या कानाकडे तोंड करून. कर्णा कानाजवळ असला की त्याला ओरडावे लागत नाही. प्रत्येकी चाळीस वॅटांचा छोटा अँप्लिफायर सीटखाली. बॅटरीपासून तांब्याची जाड तार सरळ आणली, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला. तार कुठे घासून उघडी पडली तर फ्यूज जळावा, जीप जळू नये. खर्च डब्याच्या एक चतुर्थांशही नाही. दिवे आता डोळा मारत नाहीत.

पुतणे रुसले. "तुम्हाला बेस कळत नाही," म्हणाले. कळत नसेल. पण बाक कोणाचे, हे मला कळते. घरातली वस्तू वाढवताना घरातल्या माणसाची जागा जाते का, एवढे पाहिले म्हणजे पुरे. बाकीचे शास्त्र कोणीही मिस्त्री सांगेल. आमच्याकडे हे पाहण्याची पद्धतच उठली आहे. दिवाणखान्यात टीव्हीची भिंत झाली तेव्हा आजोबांची आरामखुर्ची गच्चीत गेली. अंगणात मोटार आली तेव्हा तुळस कोपऱ्यात गेली. प्रत्येक वेळी कोणी भांडले नाही, कारण ज्याची जागा गेली तो आईसारखाच म्हणाला, "मी इथूनच हात जोडतो." न भांडणाऱ्यांच्या वतीने कोणी तरी भांडावे म्हणून मी भांडतो आहे.

पुढच्या शनिवारी आई पुन्हा तिच्या कोपऱ्यात बसली. मी मोठ्या ऐटीत तिचे आवडते भावगीत लावले. दोन कडवी तिने मान डोलवत ऐकली. मग चढ लागला, मी गिअर बदलला, तशी मागून तिने माझ्या खांद्यावर टकटक केली.

"जरा बारीक कर रे."

"का ग? आवडले नाही?"

"गाणं छान आहे. पण तुझे वडील इथे दुसऱ्यात टाकायचे ना, तो आवाज ऐकते आहे."

मी कळ फिरवली. जीप दुसऱ्या गिअरात घुरघुरत चढ चढली.

डबा सध्या आमच्या गोठ्यात आहे. त्याच्या दोन भोकांत दोन कोंबड्या अंडी घालतात आणि अंडे घातले की गावभर ओरडतात. पण तो आवाज निदान काही तरी घडल्याचा असतो.