फॉरमॅटवीरांनो, जरा थांबा!

पीएसपीवर ‘करप्टेड डेटा’ दिसलं की सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मार यार!" डोक्यात जातात माझ्या ही लोकं. अहो, पन्नास तासांच्या सेव्ह गेमचं काय? बऱ्याचदा बिघडलेली असते ती फक्त फॅट, म्हणजे कुठली फाईल कार्डावर कुठे आहे त्याची यादी. अनुक्रमणिका फाटली म्हणून कुणी पुस्तक रद्दीत घालतं का? तिची दुसरी प्रतही सहसा कार्डावरच असते! आधी कार्ड काढा, त्यावर काहीही लिहू नका. पीसीवर अख्ख्या कार्डाची इमेज घ्या, मग टेस्टडिस्क त्या इमेजवर चालवा. फुकट आहे.

आणि स्वस्तातलं कार्ड बनावट असेल, वर ३२ जीबी अन् आत ४, तर शंभरदा फॉरमॅट मारा, पुन्हा तेच. सेव्हडेटा फोल्डर आधीच पीसीवर कॉपी करून ठेवणं तर फॉरमॅटवीरांनाही जमेल, नाही का?