एकाच पाण्याच्या दोन फायली

काविळीचा रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तेव्हा त्याला आजारी पाडणारे पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ई हा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात, बहुधा पाच-सहा. डॉक्टर विचारतात, पाणी कुठले पिता? रुग्ण आजचे सांगतो. आरोग्य खाते नळाचा नमुना घेते, तोही आजचाच. तो चांगला निघाला की कागदोपत्री पाणी निर्दोष. दीड महिन्यापूर्वी नदीत काय होते याची नोंद असलीच, तर ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाहीतर पाणीपुरवठा विभागाच्या फायलीत असते, आणि ती फाईल दवाखान्यात कधी येत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर दगावण्याचे प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे हा नुसता कागदांचा घोळ म्हणून सोडून देता येत नाही.

भंडाऱ्याला हा प्रश्न जवळचा आहे. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत येते. हा संगम भंडारा शहराच्या खालच्या अंगाला. नदी वाहती होती तोवर ती घाण शहराला न शिवता पुढे जाई. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेले गोसेखुर्द धरण पवनी तालुक्यात उभे राहिले, त्यात पाणी अडू लागले आणि बॅकवॉटर भंडाऱ्यापर्यंत आले. साचलेल्या पाण्यावर इकॉर्नियाचा हिरवा गालिचा पसरला. पाण्याच्या रंगाची आणि वासाची तक्रार शहरात अनेक वर्षांची आहे. ढिवरांची माशांबद्दलची तक्रारही तितकीच जुनी. संगमावरचे पाणी कोणत्या महिन्यात किती वर सरकते आणि त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी दवाखान्यांत काय दिसते, हे मात्र तक्रारीने कळत नाही. ते मोजावे लागते, आणि मोजलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवावे लागतात.

पाणी मागे फिरले की काय होते, याचा धडा देशाने एकदा घेतला आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्राकडे उलटे आले. जेमतेम आठवडाभराचा हा प्रकार. जलशुद्धीकरण करणाऱ्यांनी तुरटी आणि क्लोरीन भरपूर वाढवले. विषमज्वर वाढला नाही, हगवणही वाढली नाही, आणि सगळ्यांना वाटले संकट टळले. डिसेंबरपासून कावीळ सुरू झाली; सुमारे २९ हजार लोकांना. जिवाणू मारणारा क्लोरीन त्या गढूळ पाण्यातल्या विषाणूला पुरा पडला नव्हता. साथीत जपून ठेवलेले रक्ताचे नमुने १९८० च्या सुमारास तपासले गेले, तेव्हा हा विषाणू ए नव्हे आणि बीही नव्हे, हे समजले. नोव्हेंबरच्या पाण्याची आणि डिसेंबरच्या रुग्णांची सांगड तेव्हा कोणीतरी घातली होती, म्हणून आज हे सारे सांगता येते.

ही सांगड घालण्याची हक्काची जागा म्हणजे विद्वत्परिषदेचा पर्यावरण विभाग. १९१४ मध्ये कोलकात्यात आशुतोष मुखर्जींच्या अध्यक्षतेखाली भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. आज तिचे चौदा विभाग आहेत. वैद्यकशास्त्र हा एक, पर्यावरणशास्त्र हा दुसरा. प्रत्येक विभागाला एक अध्यक्ष असतो आणि एक रेकॉर्डर. अध्यक्षाचे भाषण होते, फोटो छापून येतो. निबंधांचे सारांश गोळा करणे, सत्रे लावणे, कोण किती वेळ बोलेल ते पाहणे असली बिनफोटोची कामे रेकॉर्डरच्या वाट्याला येतात, आणि विभाग चांगला की वाईट हे त्यावरच ठरते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातला प्राध्यापक परदेशी परिषदेला जाऊ शकत नाही. तलावातल्या पाण्याचे आकडे घेऊन त्याला उभे राहता येईल असे राष्ट्रीय व्यासपीठ हेच होते. जानेवारी २०२३ मध्ये १०८ वे अधिवेशन नागपुरात, भंडाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर भरले.

तेव्हापासून ते बंद आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने आर्थिक अनियमिततेचा ठपका ठेवून निधी काढून घेतला, संघटनेने आरोप फेटाळले, यजमान विद्यापीठे मागे सरली. २०२४ च्या जानेवारीत अधिवेशन झाले नाही, २०२५ च्याही नाही. फारसे कोणी हळहळले नाही, कारण पत आधीच गेली होती. २०१५ च्या मुंबई अधिवेशनातली प्राचीन विमाने आणि २०१९ मधले कौरवांचे टेस्ट ट्यूब जन्म एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. नोबेल विजेते वेंकी रामकृष्णन यांनी तर या अधिवेशनाला सर्कस म्हटले. विमानांनी बातमी केली. खरे नुकसान विभागांच्या ढिल्या कारभाराने केले. पाण्याचा पीएच मोजायचा, तक्ता लावायचा आणि शेवटी ‘पाणी प्रदूषित आहे’ असे लिहायचे, असे निबंध वर्षानुवर्षे वाचले गेले. नमुना कोणत्या तारखेचा, कोणत्या घाटावरचा, ते पाणी कोण पितात, हे विचारणारा कोणी खुर्चीवर बसलेला नसे. शेजारच्या मांडवात वैद्यक विभाग काविळीवर बोलत असला तरी मधला पडदा कोणी उचलत नसे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने दिल्लीत नवी विज्ञान परिषद भरवली. तिच्या विषयांतही ऊर्जा, पर्यावरण व हवामान एकीकडे आणि आरोग्य तंत्रज्ञान दुसरीकडे. नागपूरच्याच एका संस्थेचे नाव इथे आठवते. १९५८ मध्ये ती स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात ‘सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी’ होती. १९७४ मध्ये ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली नीरी झाली. काम वाढले म्हणून नाव बदलले, त्यात गैर काही नाही. पण नावातले आरोग्य गेले ते गेलेच.

पडदा उचलला तर काय होते, हेही आपल्याच देशात दिसले आहे. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी त्वचेवरचे डाग पाहून आर्सेनिकची विषबाधा ओळखली आणि दोष कूपनलिकेच्या पाण्याकडे जातो हे दाखवले. जादवपूर विद्यापीठाचे रसायनतज्ज्ञ दीपंकर चक्रवर्ती पुढे गावोगाव पाणी तपासत राहिले. १९९५ मध्ये कोलकात्यात आंतरराष्ट्रीय परिषद झाली. डॉक्टर, रसायनतज्ज्ञ, भूगर्भतज्ज्ञ, परदेशी पाहुणे एकत्र बसले. बंगालचा हा आजार जगाला कळला आणि सीमेपलीकडच्या बांगलादेशकडेही लक्ष वळले.

विज्ञान काँग्रेस पुन्हा उभी करायची असेल तर पर्यावरण आणि वैद्यक या दोन विभागांचा किमान एक दिवस एकत्र बैठकीचा असावा. तारीख, ठिकाण आणि मूळ आकडे नसलेला निबंध रेकॉर्डरने परत पाठवावा, मग तो पाठवणारा कितीही ज्येष्ठ असो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्यसेवकालाही नोंदणी शुल्काविना तिथे बोलू द्यावे, कारण आठवड्याचे काविळीचे आकडे त्याच्याच वहीत असतात.

भंडाऱ्याला त्यासाठी जानेवारीची वाट पाहण्याची गरज नाही. गोसेखुर्दची दर आठवड्याची पाणीपातळी जलसंपदा विभागाकडे असते, नळातल्या उरलेल्या क्लोरीनची नोंद पाणीपुरवठ्याकडे आणि काविळीच्या रुग्णांची जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. तिन्ही कार्यालये याच जिल्ह्यात आहेत. पावसाळ्यानंतर धरण भरू लागते तेव्हापासून मार्चपर्यंतचे हे तीन रकाने एका कागदावर उतरवले, आणि रुग्णांचा रकाना सहा आठवडे मागे सरकवून वाचला, तर पाहण्यासारखे काही आहे की नाही ते पहिल्याच वर्षी कळेल.