उंबरठ्यावरील प्रश्न

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली होती. अध्यक्षपद वयोमानानेंच आमच्याकडे आलें, चिटणिसाचें काम धाकट्या सूनबाईंनीं पत्करलें, आणि सभेपुढें विषय एकच होता. थोरल्या बंधूंची नात आणि आमचा नातू या दोघांनींही वर्ष-दोन वर्षें परदेशीं राहून इंग्रजी शिकविण्याचें मनांत घेतलें आहे, तर त्यांनीं जपानला जावें कीं दक्षिण कोरियाला ? अशा सभा हल्लीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं भरत असतील. आमच्या लहानपणीं घरांतलें मूल शिक्षक झालें तर तालुक्याच्या गांवीं जाई. आतां तें ओसाका किंवा बुसान येथें जावयाचें म्हणतें. म्हणून या सभेचा वृत्तांत वाचकांस सादर करणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें वाटतें.

सभेचा पहिला अर्धा तास, अपेक्षेप्रमाणें, स्वयंपाकघरानें घेतला. ‘पोरं तिकडे जेवतील काय ?’ हा वहिनींचा पहिला प्रश्न. चौकशीअंतीं असें दिसलें कीं, या बाबतींत दोन्ही देश सारखेच अवघड आहेत. जपानांत जें सार अगदीं निरुपद्रवी दिसतें, त्याच्या मुळाशीं ‘दाशी’ नांवाचा अर्क असतो व तो बहुधा वाळविलेल्या माशाचा असतो. कोरियांत ‘किमची’ हें कोबीचें लोणचें पानांत असल्यावांचून जेवण होत नाहीं. पण त्यांतही खारविलेली कोळंबी घालण्याची चाल आहे. उलट, दोन्ही देशांतील बौद्ध मठांत शाकाहारी पाकशास्त्राची जुनी परंपरा आहे, आणि कोरियन मठांत तर कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, हें ऐकून वहिनींस बरेंच समाधान वाटलें. तथापि रोज मठांत जेवावयास कोण जाणार ? तात्पर्य, ज्याला स्वतःचा वरणभात लावतां येत नाहीं त्यानें दोहोंपैकीं कोठेंही जाऊं नये, हा पहिला ठराव एकमतानें पास झाला.

त्यानंतर लिपीचा विषय निघाला, आणि येथें मात्र आम्ही स्वतः रमलों. जपानी मुलें आपली अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू करून पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमानें म्हणतात. हा क्रम कानाला ओळखीचा वाटला तर आश्चर्य नाहीं. बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या सिद्धम् लिपीच्या व वर्णोच्चारशास्त्राच्या अध्ययनांतूनच तो घडला. जपानी लिहिणें मात्र सोपें नव्हे. नित्य व्यवहारासाठीं सरकारनें ठरविलेलीं चिनी चित्राक्षरेंच २,१३६ आहेत. कोरियन लिपी याच्या उलट. राजा सेजोंग यानें ती १४४३ सालीं सिद्ध केली व १४४६ सालीं प्रजेस दिली. तिचीं मूळ व्यंजनें उच्चाराच्या वेळीं जीभ, ओठ व कंठ यांची जी स्थिति होते तिच्या आकारावरून काढलेलीं आहेत. ज्यांनीं ‘अकुहविसर्जनीयानां कण्ठः’ घोकलें आहे त्यांस ही लिपी शिकतांना कोणी जुना आप्त भेटल्यासारखें वाटेल. आज तिचीं मुख्य अक्षरें अवघीं २४ आहेत.

आतां कामाविषयीं. जपान सरकारनें १९८७ सालापासून परदेशी तरुणांस शाळांतून साहाय्यक भाषाशिक्षक म्हणून नेमण्याची ‘जेट’ नांवाची योजना चालविली आहे. कोरियानें १९९५ सालीं ‘एपिक’ नांवाची तशीच योजना काढली. दोन्हीकडे वर्गांत मुख्य शिक्षक त्या देशाचा असतो व पाहुणा शिक्षक त्याच्या जोडीनें शिकवितो. कोरियांत तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी १९९७ सालीं आलें. जपाननें पांचवी-सहावीस तो रीतसर विषय २०२० सालीं केला. वेतन म्हणाल तर ‘जेट’च्या शिक्षकास एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षीं ४०.२ लक्ष येन मिळूं लागले. परंतु जपानांत घरभाडें सामान्यतः आपलें आपण द्यावें लागतें, व कित्येक ठिकाणीं घरमालकास ‘रेइकिन’ म्हणजे आभाराची रक्कमही द्यावी लागते. ती परत येत नाहीं. कोरियांत वेतनाचा आंकडा लहान दिसला तरी राहण्याची खोली किंवा तिचा भत्ता बहुधा शाळेकडून मिळतो, आणि वर्ष पुरें केलें तर सुमारें एका महिन्याचें वेतन निरोपादाखल देण्याचा तेथील कायदाच आहे.

विद्येची निष्ठा दोन्हीकडे आहे. कोरियांत ती कांहींशी भयावह म्हणावी अशी आहे. नोव्हेंबरांत विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा होते, त्या दिवशीं इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असतां विमानांचें उतरणें-उडणें थांबवितात. ‘हागवॉन’ म्हणून जे खाजगी शिकवणीवर्ग आहेत, त्यांत मुलें इतक्या उशिरापर्यंत बसत कीं, सेऊल शहरास रात्रीं दहानंतर ते वर्ग चालवूं नयेत असा नियम करावा लागला.

येथवर सभा मोठ्या खेळीमेळीनें चालली होती. नंतर नातवानें परवान्याचे नियम वाचून दाखविले, आणि खोलींतला आवाज हळूहळू कमी झाला.

कोरियाचा नियम असा कीं, इंग्रजी शिकविण्याचा परवाना सामान्यतः सात देशांच्या नागरिकांसच मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका. भारत त्यांत नाहीं. तथापि भारत व कोरिया यांच्यामधील आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून अंमलांत आला, त्यानें एक लहानसें दार उघडलें आहे. ज्या भारतीयाजवळ पदवी असून इंग्रजी शिकविण्याचें रीतसर अध्यापक-प्रमाणपत्र आहे, त्यास तेथील शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून घेतां येतें. दार उघडें आहे एवढाच याचा अर्थ. आमंत्रण तेथील शाळेकडून यावें लागतें.

जपानचा नियम वेगळा. शाळांतून भाषा शिकविण्याच्या परवान्यासाठीं तेथें जन्मभूमि विचारीत नाहींत. जी भाषा शिकवावयाची त्या भाषेच्या माध्यमांतून तुम्ही निदान बारा वर्षें शिक्षण घेतलें आहे काय, हें विचारतात.

आतां आमच्या दोन उमेदवारांकडे वाचकांनीं पाहावें. नातू पुण्यास वाढला. बालवर्गापासून इंग्रजी माध्यमांत शिकून इंजिनियर झाला. शिक्षणशास्त्राची पदवी त्याच्याजवळ नाहीं. त्यास कोरियाचें दार बंद, जपानचें उघडें. नातीनें दहावीपर्यंत मराठी शाळेंत शिक्षण घेतलें. पुढें इंग्रजी विषय घेऊन बी. ए. व नंतर बी. एड. केलें, आणि तालुक्याच्या शाळेंत ती चार वर्षें इंग्रजीच शिकवीत आहे. तिचीं इंग्रजी माध्यमाचीं वर्षें कशींही मोजलीं तरी सातावर जात नाहींत. तिला जपानचें दार बंद. ज्याला शिकविण्याचा अनुभव नाहीं तो जपानला पात्र, आणि जिचा तोच व्यवसाय आहे ती अपात्र !

तिला मराठी शाळेंत घालण्याचा आग्रह आमचा होता, हें येथें सांगितलें पाहिजे. मातृभाषेंतून शिक्षण व्हावें, हें आम्हीं जन्मभर प्रतिपादिलें आहे. मुलाजवळ आमचें कांहीं चाललें नाहीं. पुतण्या भिडस्त, त्यानें आमचा शब्द मानला. नियम वाचून झाल्यावर ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “आजोबा, मी इंग्रजी चुकीच्या वाटेनं शिकले का ?” स्वरांत राग नव्हता, असता तर उत्तर देणें सोपें गेलें असतें.

उत्तर द्यावयास आम्हांस चार दिवस लागले. आम्ही स्वतः मॅट्रिकपुढें परीक्षा दिल्या नाहींत; पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि तेंच शिकवून निवृत्त झालों. संस्कृत ही आज घरांत बोलण्याची भाषा नव्हे, आणि आमच्या गुरुजींच्याही घरांत ती कोणी बोलत नसे. तरीही शेंकडों वर्षें ती शिकविली गेली, तीं शिकलेल्यांनींच शिकविली. भाषा पाळण्यांत मिळालेल्यासच ती शिकवितां येते असें असतें, तर आम्ही तीस वर्षें पगार खाल्ला तो कशाचा ? अध्यापनाचा अधिकार जन्मानें नव्हे तर अभ्यासानें येतो, असें नातीस सांगावयाचें आम्हीं ठरविलें.

परंतु हें वाक्य मनांत जुळवीत असतां आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलें. चाळीस वर्षें होऊन गेलीं. आम्ही पाठशाळेंत होतों तेव्हां एक मुलगा प्रवेशासाठीं आला होता. मॅट्रिकला त्यास संस्कृतांत आमच्याहून अधिक गुण होते. शास्त्रीबुवांनीं त्याचे गुण विचारले नाहींत, आडनांव विचारलें. आणि ‘यंदा जागा नाहीं’ म्हणून सांगितलें. जागा होती. आमच्या शेजारचा पाट वर्षभर रिकामाच होता. तो मुलगा उंबरठ्याबाहेर चपला घालीत असतां आमच्याकडे पाहून गेला. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

आज एक परका देश आमच्या नातवंडांस ‘जन्म कोठला ?’ असें विचारतो व दुसरा ‘पांचव्या वर्षीं आईबापांनीं कोठें घातलें ?’ असें विचारतो, आणि आमच्या घरास तो अन्याय वाटतो. वाटावा हें योग्यच. पण हा प्रश्न विचारणारे जगांत ते पहिले नव्हेत, आणि तो विचारणाऱ्यांच्या रांगेंत आम्हीही बसलों होतों. हें आम्हीं नातीस जसेंच्या तसें सांगितलें. ती म्हणाली, “त्या मुलाचं पुढं काय झालं ?” आम्हांस ठाऊक नव्हतें. आम्हीं कधीं चौकशीही केली नव्हती.

असो. या प्रकरणाचा उलगडा शेवटीं आमच्याकडून नव्हे, मुलांकडूनच झाला. नातीनें भावास म्हटलें, “जपानला जाण्याआधीं माझा आठवीचा वर्ग एक आठवडा घे.” तो मोठ्या उत्साहानें गेला, आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं उतरलेल्या चेहऱ्यानें परत आला. एका मुलीनें विचारलें होतें कीं, ‘सन’ या शब्दाआधीं ‘द’ कां लावावयाचें व ‘स्टार’आधीं ‘अ’ कां ? त्याला तें बिनचूक वापरतां येतें, पण सांगतां येईना. नातीनें दुसऱ्या दिवशीं तें मराठींतून समजाविलें. ‘तो माणूस’ आणि ‘एक माणूस’ यांत जो भेद आहे तो मुलांकडून काढून घेतला, आणि मग जेथें मराठी गप्प राहते तेथें इंग्रजी कां बोलते, हें फळ्यावर दाखविलें.

जपानी व कोरियन या दोन्ही भाषांतही असलीं उपपदें नाहींत. त्यांचें क्रियापद मराठीप्रमाणेंच वाक्याच्या शेवटीं येतें, आणि ‘घरांत’, ‘घराला’ यांतल्याप्रमाणें संबंधदर्शक प्रत्यय नामाच्या मागून लागतात. म्हणजे इंग्रजी शिकतांना त्या मुलांस जेथें ठेंच लागते, बहुधा तेथेंच मराठी मुलांस लागते. ज्याला ही वाट पाळण्यांतूनच मिळाली त्याला तींतले दगड दिसत नाहींत. जिनें ठेंचा खाल्ल्या तिला ते मोजून ठाऊक असतात. नातीच्या प्रश्नाचें उत्तर हें होतें. तिची वाट चुकीची नव्हती. नियमाच्या फुटपट्टीवर ती मावली नाहीं एवढेंच.

ज्या घरांत असा विचार चालू आहे त्यांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, हवामान, अन्न आणि वेतन यांची चर्चा करण्यापूर्वीं परवान्याचा नियम मुळांतून वाचावा. निम्मी निवड तोच करून ठेवतो. पदवीचीं व पोलिसांचीं प्रमाणपत्रें परदेशीं ग्राह्य ठरावींत म्हणून त्यांवर ‘अपोस्टिल’ची मोहोर घ्यावी लागते, त्यास लागणारा अवधि आधींच हिशेबांत धरावा. दुसरी ही कीं, करारपत्र वाचल्यावांचून सही करूं नये. कोरियाचा परवाना नेमणाऱ्या शाळेशीं बांधलेला असतो, म्हणून नोकरी सोडणें तेथें आपल्याकडल्याइतकें सोपें नाहीं. जपानांत ‘जेट’कडून गेल्यास गांव ते ठरवितात, आपण आवड कळवावी आणि मिळेल तें गोड मानावें.

नातीचे कागद कोरियासाठीं तयार होत आहेत. बोलावणें येईल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. नातवानें जपानचा अर्ज एक वर्ष पुढें ढकलला आहे. दर शनिवारीं तो पुण्याहून येतो आणि बहिणीच्या वर्गांत मागच्या बाकावर बसून ती कशी शिकविते तें पाहतो. परवा त्यानें आम्हांस विचारलें, “आजोबा, तुमच्या त्या पाठशाळेच्या जुन्या नोंदवह्या कुठं मिळतील ? त्या मुलाचं नांव निघालं तर चौकशी करतां येईल.” पाठशाळा बंद होऊन पुष्कळ वर्षें झालीं. तरी येत्या आठवड्यांत त्याच्यासोबत एकदां जाऊन यावें, असें आम्हीं ठरविलें आहे.