गुण अक्षरांना, मोल अर्थाला

सुट्टीच्या दिवसांत पत्ते नि कॅरम यांच्या जोडीला इंग्रजी शब्दांचे खेळही आता पुष्कळ घरांतून खेळले जातात. त्यांत अग्रमान 'स्क्रॅबल'चा. अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पज्ञाने १९३० नंतरच्या मंदीच्या काळात, वृत्तपत्रातील अक्षरे मोजून, हा खेळ बेतला. १९४८ साली त्यास आजचे नाव मिळाले. जे अक्षर इंग्रजीत वारंवार येते त्याला गुण थोडे, जे विरळा येते त्याला अधिक. म्हणून 'ई'च्या सोंगट्या १२, प्रत्येकीस गुण १. 'क्यू'ची सोंगटी एकच, पण तिचे गुण १०.

अर्थाला मात्र या खेळात एकही गुण नाही. शब्द मान्य कोशात असला की पुरे. त्याचा अर्थ खेळाडूस कोणी विचारीत नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. तरी २०१५ मध्ये त्यांनी फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. स्मरणशक्तीचा हा पराक्रम थोर आहे. परंतु शाळेतील मुलामुलींनी त्याचा कित्ता गिरवावा असे आम्हांस वाटत नाही. त्यांना डाव जिंकायचा होता; आपणांस भाषा शिकावयाची आहे.

'ए' आणि 'आय' या दोनच अक्षरांचा शब्द घ्या. आजच्या मुलांस तेथे यंत्राची बुद्धी आठवेल. पण ते संक्षिप्त रूप झाले. कोशातील शब्द निराळाच : दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात झाडांना उलटा लटकून राहणारा, पायांस तीन बोटे असलेला एक मंदगती प्राणी. तेथील तुपी भाषेतून हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला व पुढे तो इंग्रजीत आला. उच्चार जवळजवळ आपल्या 'आई'सारखा! एवढे कळल्यावर तो शब्द कोण विसरेल? तसाच इंग्रजी 'मंगूस' हा मूळचा आपला मुंगूस. 'गूस' या पक्ष्याशी त्याचे काही नाते नाही, हे ज्यास ठाऊक, तो 'गूस'चे 'गीस' होते तसे 'मंगूस'चे 'मंगीस' करू पाहणार नाही.

अर्थ विचारीत बसल्यास खेळाची गोडी जाईल, असे कोणी म्हणेल. आपल्या जुन्या पाठशाळांतून अमरकोश मुखोद्गत करीत. पाठांतर तेथेही होतेच. पण त्या कोशात समानार्थी शब्द एकत्र गुंफलेले असल्याने शब्दाबरोबर अर्थही जिभेवर बसे.

आमची मुले घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि पुढील शिक्षणात इंग्रजी अशा तीन भाषांतून वाढतात. त्यांच्या हातून अर्थाचा धागा सुटला, तर परकी भाषा केवळ धाक म्हणून उरते. यास्तव घरी व शाळेत खेळताना एकच नियम जोडावा, अशी आमची सूचना आहे : जो शब्द मांडील, त्याने त्याचा अर्थ सांगून तो वाक्यात योजावा. न आल्यास सर्वांनी मिळून शब्दकोश उघडावा. तोवर गुण राखून ठेवावेत. पालकांनीही 'किती गुण मिळाले?' याच्या जोडीला 'आज कोणता नवा शब्द भेटला?' असे विचारावे. डाव संपल्यावर सोंगट्या पिशवीत परत जातात. समजून घेतलेला शब्द तेवढा आपल्यापाशी राहतो.