गळा, रंगभूमी आणि घराचे खत

दिवाळी अंकात या सदराला जरा ऐसपैस जागा मिळते. म्हणून एरवी पाऊण पानात न मावणारे एक पत्र मुद्दाम बाजूला काढून ठेवले होते. दादरच्या एक वाचकभगिनी लिहितात : "मुलगी बारावीत आहे. आठ वर्षे गाणे शिकते आहे. नाट्यस्पर्धांत बक्षिसेही मिळवते. तिला गाणे आणि अभिनय दोन्ही शिकायला परदेशी जायचे आहे. हे म्हणतात, घर गहाण टाकीन पण पाठवीन. सासूबाई म्हणतात, नाचगाण्यासाठी घर गहाण? आम्ही कोणते विद्यापीठ निवडावे?"

सासूबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. बोलल्या त्या नाचगाण्याबद्दल, पण काळजी आहे ती घराची. आणि ती रास्त आहे. गाणे आणि अभिनय यांची जोडी मात्र त्यांनाही परकी नसावी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि त्यानंतर महाराष्ट्राने गाणाऱ्या नटांवर जीव टाकला. गंमत अशी, की त्याच १८८० साली लंडनमध्ये गिल्डहॉल ही संगीतशाळा निघाली. तिच्या नावात 'ड्रामा' हा शब्द आला तो १९३५ साली! आपल्याकडे जे एकाच नटाच्या अंगी असे, ते तिकडे बहुधा दोन वेगळ्या विभागांत शिकवतात. तेव्हा 'कोणते विद्यापीठ' या प्रश्नाआधी 'कोणते शिक्षण' हा प्रश्न सोडवला पाहिजे.

तिकडे तीन दरवाजे आहेत. पहिला निव्वळ संगीताचा, दुसरा निव्वळ अभिनयाचा आणि तिसरा 'म्युझिकल थिएटर'चा, म्हणजे गाणे, अभिनय आणि नृत्य एकत्र. लंडनची राडा ही १९०४ सालची संस्था अभिनयाची. तेथे गायिका होण्यासाठी कोणी जात नाही. रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक ही १८२२ पासूनची संगीताची संस्था. पण तेथे पदवीनंतर म्युझिकल थिएटरचा एम.ए. करता येतो. ग्लासगोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर ऑफ स्कॉटलंडमध्ये तिन्ही दरवाजे एकाच छपराखाली आहेत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात संगीत, नाट्य आणि नृत्य यांचे एकच महाविद्यालय आहे. ओबर्लिनमध्ये पाच वर्षांत संगीताची आणि दुसऱ्या एखाद्या विषयाची, अशा दोन पदव्या घेता येतात. जर्मनीत एसेन येथील फोल्कवांग ही संस्था १९२७ पासून या तिन्ही कलांना एकत्र नांदवते आहे.

आता मुलीला स्पष्ट विचारावे, "तू गाणे म्हणतेस ते कोणते?" आठ वर्षांची खयालाची तालीम ही मोठी पुंजी आहे, पण या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत ती थेट वटत नाही. तेथे पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता यावे लागते आणि समोर ठेवलेला कागद पाहून गाता यावे लागते. ट्रिनिटी किंवा ए.बी.आर.एस.एम. यांच्या आठ पायऱ्यांच्या परीक्षा आपल्याकडे होतात. त्यांतल्या वरच्या पायऱ्यांपर्यंत मजल गेली असेल तर पाऊल टाकावे. आणि तिला खयालच गायचा असेल, तर विमानाचे तिकीट कशाला? रॉटरडॅमच्या कोडार्ट्ससारख्या संस्थेत हिंदुस्थानी संगीत शिकवतात हे खरे. पण गंगेकाठच्या माणसाने पाण्यासाठी परगावी का जावे?

आता पैशाकडे वळू. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याची नुसती फी वर्षाला पंचवीस हजार पौंडांच्या वर जाते, म्हणजे तीस लाख रुपयांच्या घरात. त्याशिवाय लंडनमध्ये राहायचे तर दरमहा सुमारे दीड हजार पौंड या हिशेबाने नऊ महिन्यांची रक्कम व्हिसासाठी आधीच दाखवावी लागते, आणि ती सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. अमेरिकेतील नामवंत खासगी संस्थांची फी वर्षाला पन्नास हजार डॉलरांच्या पुढे आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी संस्थांत फी जवळजवळ नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सहामाहीला दीड हजार युरो घेतात. हे स्वस्त खरे, पण नाटक जर्मन भाषेत करावे लागते. वाद्य शिकणाऱ्याचे मोडक्या जर्मनवर भागेल. अभिनय शिकणाऱ्याचे भागणार नाही.

"संध्याकाळी हॉटेलात गाऊन फी भरीन," असे मुले मोठ्या उमेदीने सांगतात. ते कायद्यात बसत नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक कलावंत म्हणून काम करण्यास मनाई आहे. अमेरिकेत प्रथम विद्यापीठाच्या आवारातच, आणि शिकवणी चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच, काम करता येते. पदवीनंतर तेथे एक वर्ष काम करण्याची मुभा मिळते. विज्ञान आणि इंजिनिअरिंगवाल्यांना जी आणखी दोन वर्षे मिळतात, ती गायक-नटांना मिळत नाहीत. शेजारच्या घरचा इंजिनिअर मुलगा कर्ज फेडून मोकळा झाला, हा दाखला म्हणूनच येथे लागू पडत नाही.

तारखाही पाहाव्यात. ब्रिटनच्या बहुतेक संगीतसंस्थांची अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या आरंभी संपते. म्हणजे दिवाळीचा फराळ आणि हा अंक हाती येईपर्यंत ती गाडी सुटलेली असते. अभिनयाच्या मुदती बहुधा त्यानंतरच्या असतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी आधी ध्वनिचित्रमुद्रण पाठवावे लागते आणि ते पसंत पडले तरच पुढचे बोलावणे येते.

मग थोर माणसे गेली ती कशी? झुबीन मेहता १९५४ साली, अठराव्या वर्षी, मुंबईहून व्हिएन्नाला गेले. पण वडील मेहली मेहता यांच्यामुळे वाद्यवृंद त्यांच्या घरातच वाढला होता. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी राडात शिकले, परत आले आणि १९६२ ते १९७७ राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. पण लंडनला जाण्याआधी ते मुंबईच्या थिएटर ग्रुपमध्ये तयार झाले होते. दोघांनीही पाया येथेच घातला होता. तिकडे गेले ते त्यावर इमारत चढवायला.

म्हणून आमचे मत असे. घर गहाण टाकू नये. मुलीला 'नाही' म्हणू नये. 'आधी येथे' म्हणावे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत, नृत्य आणि नाट्य यांचे शिक्षण गुरुकुल पद्धतीने मिळते. तेथे पदवी घ्यावी. जोडीला पियानो आणि स्वरलेखन शिकावे. पदवीनंतर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम खुला होतो, आणि परदेशाचे दारही अधिक रुंद उघडते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संगीत विभागात २००५ साली मिळालेल्या देणगीमुळे, आणि नाट्य विभागात २०२१ च्या देणगीमुळे, निवड झालेल्यांना फी पडत नाही. जागा थोड्या आहेत आणि राहण्याचा खर्च उरतोच; पण तेथे कस लागतो तो तयारीचा, घराच्या खताचा नव्हे. शिवाय विशीच्या आत आवाज अजून बसत असतो. चार वर्षांनी तोही भरीव झालेला असेल.

तरीही यंदाच अर्ज करायचा हट्ट असेल, तर करावा. मात्र त्याआधी पाडव्याच्या दिवशी चौघांनी एकत्र बसून एका कागदावर तीन रकमा लिहाव्यात : घरात शिल्लक किती, शिष्यवृत्ती निदान किती मिळायला हवी, आणि मुलीने पदवीनंतर मुंबईत परत येऊन शिकवण्या घेतल्या तरी फिटेल असे कर्ज किती. या तिघींची बेरीज सर्व वर्षांच्या खर्चाइतकी भरली, तर खुशाल पाठवावे. न भरल्यास कागद जपून ठेवावा आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा काढावा. आणि हो, तो हिशेब सासूबाईंच्या हाताने लिहवून घ्यावा. एकदा आकडे पटले, की पाठवणीचे लाडूही त्याच वळतील.